अम्मांना उचललं तो दिवस

माझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी "सभागृहात मार्शल आहे" असं सांगते. मग समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत बघतो. मी काही आडदांड नाही. पोलिसात शिपाई म्हणून लागले, काही वर्षं महिला ठाण्यात काढली आणि मग बदली होऊन इथे, हैदराबादच्या विधिमंडळाच्या सुरक्षेत आले. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर न्या, असं अध्यक्ष म्हणाले की नेणारी माणसं आम्ही. पुरुष सदस्याला पुरुष मार्शल हात लावतात, बाई सदस्याला आम्ही बायका. एरवी दारात हात मागे बांधून उभं राहायचं, एवढंच काम.

बदलीची बातमी सांगायला मी चिक्कडपल्लीला भावाकडे गेले होते. वडील तिथेच राहतात. ते नांदेडकडचे. तरुणपणी गाव सोडून सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. बातमी ऐकून ते उठून उभे राहिले. म्हणाले, "आपल्या माणसानं आत बसायला पाहिजे. तू दारात तरी उभी राहतेस. चांगलं झालं." वडिलांना निवडणुकीचं फार. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून सकाळी रांगेत पहिले उभे असतात, आजही.

मला शिकवलं ते आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंनी. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का तेलुगू, मी मराठी, त्यामुळे आमचं बोलणं दखनीत. अधिवेशन नसताना रिकाम्या सभागृहात त्यांनी आमची तालीम घेतली. आम्हीच एकमेकींना उचलायचं. एकीनं जमिनीवर बसकण मारायची, अंग सैल सोडायचं, बाकीच्यांनी तिला दारापर्यंत न्यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा उचलली गेले. पाय जमिनीवरून सुटले की माणसाला कसंतरी होतं. हसू येतं आणि रडूही येतं. अक्का वरून सांगत होत्या, "पैले साडी संभाल, बाद में बाई को उठा." पदर खांद्यावर घट्ट धरायचा, निऱ्या गुडघ्यापाशी मुठीत घ्यायच्या, मगच हात काखेत घालायचे. बाईमाणसाची साडी सगळ्यांसमोर सुटली तर आपली नोकरी गेली समजा, असं त्या म्हणत. अधिवेशनाच्या दिवसांत रोज सकाळी त्या आमचे हात तपासत. नखं कापलेली हवीत, अंगठी नको, बांगडी नको.

आता अम्मांबद्दल सांगते. त्या विरोधी बाकांवरच्या आमदार, साठी ओलांडलेल्या, सीमेकडच्या एका ग्रामीण मतदारसंघातून निवडून आलेल्या. घरची भाषा तेलुगू, पण आईचं माहेर देगलूरकडचं, म्हणून मराठी येत होती. एकदा मी कॉरिडॉरमध्ये मुलीला फोनवर दटावत होते, "दप्तर भरून ठेव, नाहीतर बघ." मागून आवाज आला, "कुठली गं तू, पोरी?" तेव्हापासून आत जाताना त्या माझ्यापाशी थांबायच्या आणि दोन वाक्यं मराठी बोलायच्या. मराठी अर्धी विसरलेली, मध्येच तेलुगू शब्द घालायच्या, पण बोलायच्या. "आमच्या अम्मम्मासारखं बोलतेस," असं एकदा म्हणाल्या. अम्मम्मा म्हणजे आईची आई. मीही त्यांना इतरांसारखं मॅडम न म्हणता अम्माच म्हणत असे.

तो दिवस अर्थसंकल्पी अधिवेशनातला. कार्यक्रमपत्रिकेवर विशेष काही नव्हतं. प्रश्नोत्तरं, कागदपत्रं सभागृहासमोर ठेवणं, मग दोन-तीन खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा. तरी सकाळी आमचे मुख्य मार्शल, म्हणजे सर, आम्हाला म्हणाले, "आज तयार राहा. विरोधकांचा स्थगन प्रस्ताव आहे. तो नाकारला जाईल असं दिसतंय." प्रस्ताव अम्मांच्या भागातल्या एका पुलाबद्दल होता. सगळं काम बाजूला ठेवून आधी पुलावर बोलू द्या, अशी त्यांची मागणी होती. पूल अर्धवट होता आणि लोक नदीपात्रातून जात होते, एवढं मला अम्मांच्याच बोलण्यातून माहीत होतं.

माझी ड्यूटी बायकांच्या विश्रांतीच्या खोलीपाशी होती. बेल व्हायच्या आधी दार थोडं उघडलं आणि अम्मांनी मला आत बोलावलं. आत त्या एकट्याच होत्या. पदर बाजूला घेतलेला, कंबरेला तो औषधाच्या दुकानात मिळतो तसला रुंद पट्टा. मागचं बक्कल त्यांच्या हाताला येत नव्हतं.

"जरा आवळ गं."

मी पट्टा ओढला. त्यांनी श्वास रोखला. खिडकीच्या काचेत मला त्यांचा चेहरा दिसला, ओठ दाबलेले.

"डॉक्टर काय म्हणाले, अम्मा?"

"झोपून राहा म्हणाले. मणका सरकलाय. आता अधिवेशन सोडून झोपू काय?" त्यांनी पदर नीट केला. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. आमच्या पार्टीत दोघं-तिघं माझ्या जागेवर टपलेत. म्हातारी वाकली म्हणतील, घरी बसवा म्हणतील. नको सांगू."

"नाही सांगत," मी म्हणाले.

त्या बाहेर पडल्या तेव्हा चालण्यात काही कळून येत नव्हतं. आज त्यांना उचलायची वेळ आली तर काय, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

बेल झाली. अध्यक्ष आले, सगळे उभे राहिले, बसले. प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुठल्यातरी तलावातला गाळ, कुठल्यातरी शाळेच्या खोल्या. मंत्री वाचत होते, सदस्य उपप्रश्न विचारत होते, मागे दोघं हळूच गप्पा मारत होते. मी आता आतल्या दारापाशी उभी होते, अक्का शेजारी. एसीचा गार वारा मानेवर येत होता. अम्मा आपल्या जागेवर अगदी ताठ बसल्या होत्या. इतरांना तो रुबाब वाटला असेल.

प्रश्नोत्तरं संपली. कागदपत्रं ठेवली गेली. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की स्थगन प्रस्ताव नाकारला आहे, दुसऱ्या मार्गानं चर्चा मागता येईल. वाक्य पुरतं संपायच्या आत विरोधी बाकांवरचे लोक उठले. फलक वर झाले, घोषणा सुरू झाल्या. पाच-सहा जण अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. अम्मा सगळ्यांच्या मागून आल्या, हळू, बाकांचा आधार घेत. आणि तिथे आल्यावर त्या खाली बसल्या. जमिनीवर, मांडी घालून.

मी अक्कांच्या कानाशी गेले. सांगू नको म्हटलेलं होतं. पण अक्कांच्या हातात त्यांचं अर्धं वजन असणार होतं. मी एकच शब्द बोलले, "कमर."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "किसकी?"

मी नजरेनंच अम्मांकडे दाखवलं.

अध्यक्षांनी दोनदा जागेवर जायला सांगितलं. मग संसदीय कामकाज मंत्र्यांनी उठून निलंबनाचा ठराव मांडला, नावं वाचली, फक्त त्या दिवसापुरतं. आवाजी मतदान झालं. अध्यक्षांनी मार्शलना बोलावलं. लगेच पुढचा विषय पुकारला आणि एका खात्याचे मंत्री आपल्या मागण्या वाचायला उभे राहिले. त्यांचा आवाज एका सुरात चालूच होता. गोंधळात तो आवाज मला विचित्र स्पष्ट ऐकू येत होता.

पुरुष सदस्यांना न्यायला वेळ लागला नाही. थोडी ओढाताण, थोडा आरडाओरडा, दारापाशी पोचल्यावर बहुतेक जण आपल्या पायांनीच गेले. अम्मा मात्र तशाच बसून होत्या. आम्ही चौघी त्यांच्याभोवती वाकलो.

मी त्यांच्या कानाशी मराठीत म्हणाले, "अम्मा, चालत चला. मी हात धरते. कुणी काही म्हणणार नाही."

त्या समोर बघत राहिल्या. "आपल्या पायानं गेले तर गावाला काय सांगू? पुलासाठी बसले आणि उठून गेले?"

"तुम्हाला दुखेल अम्मा."

"उचल."

शिकवल्याप्रमाणे मी काखेत हात घालायला हवा होता. मी तो पाठीमागून कंबरेखाली घातला, पट्ट्याच्या खालच्या कडेपाशी, आणि दुसऱ्या हातानं पदर धरला. अक्कांनी पलीकडून तसंच केलं. दोघींनी मनगटात मनगट अडकवलं, खुर्चीसारखं. बाकीच्या दोघींनी निऱ्या धरून गुडघ्यांखाली हात दिले. "हळू," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच, कारण घोषणांत काही ऐकू येत नव्हतं. आम्ही उठलो.

दारापर्यंत सगळं ठीक होतं. अम्मा घोषणा देत होत्या. त्यांचं सगळं अंग माझ्या हातावर थरथरत होतं, ते मला कळत होतं. दार ओलांडलं, कॉरिडॉरमध्ये आलो, बाहेरच्या पायऱ्यांवर त्यांना उभं करायचं होतं. समोर टीव्हीवाले होते. पाय जमिनीला टेकले, वजन कंबरेवर आलं आणि त्या ओरडल्या. "आई गं!" मराठीत. इतकी वर्षं तेलुगूत घोषणा देणारी बाई, पण ओरडली ती मराठीत. मी घाबरून "सांभाळा, सांभाळा" म्हणत त्यांना घट्ट धरलं.

कॅमेऱ्यांनी तेवढंच टिपलं.

त्यांच्या पक्षाचे एक पुढारी आधीच बाहेर उभे होते. ते माइकसमोर आले आणि म्हणाले, "बघितलंत? वयस्कर महिला आमदाराचा हात पिरगाळला. सगळ्यांसमोर ओरडायला लावलं. या मार्शलवर कारवाई झाली पाहिजे." कुणीतरी माइक अम्मांच्या तोंडापुढे धरला. "मॅडम, तुम्हाला मारहाण झाली का?"

मी आता चार हात लांब उभी होते. अम्मांनी माझ्याकडे बघितलं. हात पिरगाळला नाही असं म्हटलं असतं तर मग का ओरडलात, हा प्रश्न आलाच असता. हे मला तिथल्या तिथे कळलं. तरी मी वाट बघत होते.

"आमच्या पुलाचं बोला," त्या म्हणाल्या. बस. मग गाडीत बसून गेल्या.

दुपारी सरांनी मला आणि अक्कांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर फोन उभा केलेला होता. क्लिप पुन्हा पुन्हा चालू होती. माझं तोंड उघडं, भुवया वर, हात अम्मांच्या दंडावर. आवाज बंद केला की मी शिवी देतेय असंच वाटत होतं. मलाही वाटलं.

"त्या का ओरडल्या?" सरांनी विचारलं.

मी क्लिपकडे बघत राहिले.

"आतल्या कॅमेऱ्यात बघितलं मी. काखेत हात घालायचा नियम आहे. तुम्ही दोघींनी कंबरेखाली का घातला?"

"वय झालंय त्यांचं सर. आधार राहील म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच सर."

अक्का खाली बघत होत्या. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्या नाही बोलल्या. सरांनी क्लिप बंद केली. मग मला म्हणाले, "उद्यापासून तुम्ही बाहेरच्या गेटवर. आत यायचं नाही. तक्रार लेखी आली तर चौकशी होईल. तोपर्यंत कुणाशी बोलू नका."

बाहेर आल्यावर अक्का माझ्यावर चिडल्या. "कैकू छुपारी? तेरी नोकरी जाती तो वो आती क्या बचाने?" मी म्हणाले, शब्द दिलाय. अक्कांनी कपाळावर हात मारला आणि कँटीनमधून माझ्यासाठी चहा आणायला गेल्या.

संध्याकाळी बरकतपुऱ्यात घरी पोचेपर्यंत क्लिप सगळीकडे पोचली होती. जिन्यात शेजारीण भेटली, बघून न बघितल्यासारखं करून गेली. मुलगी सातवीत. तिनं दार उघडलं आणि विचारलं, "मम्मी, तू उस अम्मा को सच्ची में मारी क्या? क्लासच्या ग्रुपवर आलंय." ती नेहमी असंच मिसळून बोलते. मी म्हणाले, "नाही मारलं." ती "ओके" म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

मग वडिलांचा फोन आला.

"तू उचललंस त्यांना?"

"हो बाबा."

"निवडून आलेल्या बाईला?"

"अध्यक्षांचा हुकूम होता. ठराव झाला होता. मतदान झालं होतं, बाबा."

"ते मला कळतं. त्या ओरडल्या का?"

सरांना जे सांगितलं नव्हतं ते वडिलांना सांगायची फार इच्छा झाली. मी फोन घेऊन गॅलरीत गेले. "त्यांना आधीपासून दुखत होतं. मी काही केलं नाही. जास्त सांगता येत नाही."

"का नाही येत?"

"नको म्हणाल्या त्या."

पलीकडे वडिलांच्या घरचा टीव्ही चालू होता. तीच बातमी असावी. त्यांनी तो बंद केला, ते मला ऐकू आलं.

"मग त्यांनी सांगायला पाहिजे," ते म्हणाले.

"त्यांना नाही सांगता येत."

"मग तू त्यांच्या वाटची बोलणी किती दिवस खाणार?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. वडील "जेव आणि झोप" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ते रागावलेत की काळजीत आहेत, ते काही कळलं नाही. त्यांच्या बाबतीत ते कधीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर उभी राहिले. आमदारांच्या गाड्या येत होत्या. अम्मांची गाडी आली, काच खाली झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लेखी तक्रार येणार असं सगळे म्हणत होते. त्या पुढाऱ्यांनी टीव्हीवर पुन्हा एकदा माझी क्लिप दाखवली. गेटवरचा एक शिपाई मला गमतीनं "पहलवान" म्हणायला लागला. मी हसले, पण घरी जाऊन नवऱ्यासमोर रडले. तो म्हणाला, "सांगून टाक ना. तुला काय त्यांच्या पार्टीचं?" बरोबरच होतं त्याचं. मीही मनात ठरवलं की चौकशी लागली तर सांगायचं. शब्द दिला होता, पण मुलीच्या वर्गात तिच्या आईला गुंड म्हणायला लागले होते, आणि अम्मा काचेआड बसून जात होत्या.

चौकशी लागली नाही. त्या आठवड्याच्या शेवटी सरांनी मला आत बोलावलं. त्यांच्या खोलीत अम्मा बसल्या होत्या. खुर्चीत कडेला, पाठ टेकवलेली नव्हती.

सर म्हणाले, "मॅडमनी मला सांगितलंय. तुम्ही उद्यापासून आतल्या ड्यूटीवर." मग ते काहीतरी काम असल्यासारखे बाहेर गेले.

आम्ही दोघीच राहिलो. मी उभी, त्या बसलेल्या. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला बरं वाटेल. तसं वाटेना. मी भिंतीकडे बघत राहिले.

"रागावलीस?"

"हो, अम्मा."

त्यांना हे अपेक्षित नसावं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. तुमच्या सरांना सांगितलं. बाहेर नाही सांगू शकत. टीव्हीवर तर नाहीच."

"माझी मुलगी शाळेत जाते."

"किती वर्षांची?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी पुढे गेले नाही, निदान लगेच तरी. मग गेले. त्यांनी माझा दंड धरला आणि उभ्या राहिल्या. दारापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू हळू म्हणालीस ना त्या दिवशी, ते मला ऐकू आलं होतं."

लेखी तक्रार आली नाही. त्या पुढाऱ्यांनी दुसरा विषय धरला. मुलीच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाची तरी क्लिप आली. अम्मांनी उन्हाळ्यात सुट्टी काढून शस्त्रक्रिया करून घेतली. काय सांगून घेतली ते मला माहीत नाही. पावसाळी अधिवेशनात त्या काठी घेऊन आल्या, आणि कुणी काही म्हणालं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

वडिलांना मी सगळं सांगितलं ते त्यानंतरच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला प्रेक्षक गॅलरीचा पास मिळेल का?" मी अर्ज केला. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, गॅलरीत पहिल्या रांगेत बसले आणि सकाळभर हलले नाहीत. खाली गाळ, रस्ते, शाळेच्या खोल्या, नेहमीचंच चाललं होतं. मधल्या सुट्टीत मी विचारलं, कंटाळा आला का. ते म्हणाले, "नाही. पण हे लोक इतकं हळू का बोलतात?"

त्या वर्षी अम्मांना आम्ही आणखी एकदा उचललं. या वेळी अक्कांनी सगळ्यांना तोच खुर्चीचा हात शिकवून ठेवला होता.